घास भरवताना : डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातलं जेवण आणि घरच्यांची साथ

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृती आणि आकलन हळूहळू हिरावून नेणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या, शेवटच्या टप्प्यातल्या माणसाची जबाबदारी नव्याने अंगावर येते तेव्हा सगळ्यात मोठी धास्ती जेवणाची असते. औषधांच्या वेळा लक्षात राहतात, कूस बदलायला जमतं, डायपर बदलण्याचीही सवय होते. पण चमचा पुढे केलाय आणि माणूस तोंडच उघडत नाही, अशा वेळी काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. त्यासाठी हा लेख. मुलगा, मुलगी, सून, नवरा, नातवंडं आणि नुकतेच कामाला लागलेले केअरटेकर, सगळ्यांनी वाचावा असा. सोयीसाठी मी सगळीकडे 'आई' म्हणणार आहे. तुमच्याकडे वडील असतील, आजी असेल, बायको असेल.

पुढच्या सगळ्या सूचना एकाच गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून ती आधी सांगते. या टप्प्यात आई जेवत नाही म्हणून तिचा आजार वाढत नसतो. आजार वाढलाय म्हणून तिचं जेवण कमी होत असतं. हे मनाला पटायला वेळ लागतो, पण पटलं की भरवण्याची पद्धतच बदलते. किती वाट्या पोटात गेल्या हा हिशेब मागे पडतो. तिला चव लागली का, घसा ओला झाला का, आपलं माणूस जवळ बसलंय हे तिला जाणवलं का, हे बघायला आपण लागतो.

१. टप्पा ओळखा

आई घरच्यांना ओळखत नाही, दिवसभरात जेमतेम पाच-सहा शब्द बोलते, आधाराशिवाय चालता येत नाही, लघवी-शौचावर ताबा राहिलेला नाही, प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याचे हात लागतात. साधारण असं असेल तर हा प्रगत डिमेन्शिया आहे. जेवणाच्या तक्रारी याच सुमारास डोकं वर काढतात. घास गालात धरून ठेवणं, चावत राहणं पण न गिळणं, पाणी पिताना ठसका, चमचा दिसताच मान फिरवणं, जेवता जेवता डोळा लागणं.

यात आईचा हट्ट नसतो. समोरची वस्तू चमचा आहे हे मेंदूला ओळखू येत नाही. ओळखू आलं तरी तोंड उघडा, घास घ्या, चावा, मागे सरकवा, गिळा हा क्रम तुटलेला असतो. भुकेची जाणीवही मंदावते.

अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या देखभाल केंद्रांत प्रगत डिमेन्शियाच्या ३२३ जणांवर दीड वर्ष लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी सुमारे ८६ टक्के लोकांना त्या काळात खाण्यापिण्याची अडचण आली आणि ती सुरू झालेल्यांपैकी जवळपास ३९ टक्के लोक पुढच्या सहा महिन्यांत गेले. आकडे वाचून पोटात कालवतं, हे मला माहीत आहे. तरी ते सांगते, कारण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : पुढे काय होणार आहे याची ज्या कुटुंबांना नीट कल्पना होती, त्यांच्या माणसांच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत त्रासदायक उपचार बरेच कमी आले.

२. आजारावर ढकलण्याआधी बाकीची कारणं तपासा

जेवण महिन्या-महिन्याने हळूहळू कमी होत गेलं, तर बहुधा आजार पुढे सरकतोय. दोन-तीन दिवसांत एकदम बंद झालं, तर दुसरं काही तरी आहे असं धरून डॉक्टरांना बोलवा.

सुरुवात तोंडापासून करा. टॉर्च घेऊन आत बघा. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरे चट्टे आहेत का, हिरडी सुजलीय का, एखादा दात तुटून टोचतोय का, वजन उतरल्यामुळे कवळी सैल झालीय का. मग पोट : शौचाला होऊन किती दिवस झाले? बद्धकोष्ठता झालेला माणूस जेवत नाही, आणि या टप्प्यात तो ते सांगूही शकत नाही. लघवीचा संसर्गही बघायला हवा. मग औषधं : झोप आणणाऱ्या, शांत ठेवणाऱ्या गोळ्यांनी गुंगी राहते. डोनेपेझिलसारख्या स्मृतीसाठी दिलेल्या गोळ्यांनी मळमळ होते, भूक जाते. इतक्या पुढच्या टप्प्यात त्या चालू ठेवण्यात अर्थ आहे का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. गोळी मनाने बंद मात्र करू नका.

आणि दुखणं. आई 'दुखतंय' म्हणणार नाही. श्वास, कण्हणं, चेहऱ्यावरच्या आठ्या, अंग आवळणं आणि जवळ घेतल्यावर शांत होते की नाही, या पाच खुणांवरून वेदना मोजायची 'पेनॅड' नावाची साधी पट्टी आहे. नर्सकडून ती एकदा समजून घ्या.

३. भरवायला बसण्याआधी

आई पूर्ण जागी हवी. झापड असेल तर थांबा, तासाभराने बघू. घड्याळापेक्षा तिची तरतरीची वेळ महत्त्वाची. बऱ्याच जणांची ती सकाळी असते, तेव्हा दिवसाचं मुख्य जेवण सकाळीच द्या.

तिला शक्य तितकं सरळ बसवा. खुर्चीत बसवता आलं तर उत्तम, नाही तर पलंगाचं डोकं उंच करून पाठीला आणि दोन्ही बाजूंना उशांचा आधार द्या. मान मागे पडलेली असेल तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती वाढते, म्हणून हनुवटी किंचित खाली. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी जागेवर. टीव्ही बंद. ओल्या बोळ्याने तोंड पुसून ओलं केलं की कोरड्या तोंडात घास अडकत नाही.

ताट आणि अन्न यांचे रंग वेगळे असू द्या. पांढऱ्या ताटलीतलं पांढरं अन्न आईला दिसतच नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अल्झायमरच्या प्रगत रुग्णांना गडद, ठळक रंगाची भांडी दिल्यावर त्यांचं खाणं-पिणं लक्षणीय वाढलं. रंगीत ताटली आणि रंगीत पेला, इतका सोपा उपाय आहे.

४. एक घास

इथे घाई करू नका, कारण सगळं कौशल्य याच ठिकाणी आहे.

उभं राहून भरवू नका. खुर्ची ओढून तिच्या समोर, थोडं एका बाजूला, डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीवर बसा. नाव घ्या किंवा घरात जे म्हणता ते म्हणा. आधी हाताला स्पर्श. मग अन्न दाखवा आणि ते काय आहे ते सांगा, तिला कळणार नाही असं वाटलं तरी सांगा. वासाने तोंडाला पाणी सुटतं, म्हणून चमचा क्षणभर नाकाजवळ धरा.

चमचा छोटा, चहाचा, अर्धाच भरलेला. तो वरून आणू नका, तोंडाच्या पातळीवर सरळ समोरून आणा आणि खालच्या ओठाला हलकेच टेकवा. पुष्कळदा एवढ्याने तोंड उघडतं. घास जिभेच्या मध्यावर ठेवून चमचा सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर खरवडू नका. आता थांबा. गळ्याकडे बघा. घाटी वर जाऊन खाली आली की गिळलं. काही माणसांना एका घासासाठी दोनदा गिळावं लागतं. तोंड रिकामं झाल्याशिवाय पुढचा चमचा उचलायचाच नाही. गालात घास राहिला असेल तर बाहेरून गालावर हळूच बोट फिरवा किंवा रिकामा चमचा ओठाला लावा, गिळण्याची क्रिया पुन्हा सुरू होऊ शकते. तुम्ही स्वतः तोंड उघडून दाखवलंत तर कधी कधी ती नक्कल करते.

तिच्या हातात अजून थोडी ताकद असेल तर तिचा हात कामाला लावा. चमचा तुम्ही धरा आणि तिचा हात तुमच्या हातावर ठेवा, म्हणजे चमचा तोंडाकडे नेताना तिला स्वतः खाल्ल्यासारखं वाटतं. प्रतिकार कमी होतो. मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण यात भरवणारा आणि खाणारा असा भेद पुसट होतो. बोटांनी उचलून खाता येईल असे मऊ तुकडे तिच्या हातात देऊन बघायलाही हरकत नाही. सांडलं तर सांडलं.

अर्धा-पाऊण तास लागेल हे धरूनच बसा. ती दमली, तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली, घास थुंकला, तर ते 'पुरे' आहे. काही मिनिटांनी एकदा विचारून बघा. पुन्हा नकार आला तर त्या वेळचं जेवण संपलं. नाक दाबणं, गाल दाबणं, सिरिंजने तोंडात ढकलणं, 'हा शेवटचा' म्हणत दहा घास कोंबणं, यातलं काहीही करायचं नाही. घास फुप्फुसात जातो हे एक कारण. दुसरं म्हणजे चमच्याचीच भीती बसते आणि उद्यापासून ती अजिबात तोंड उघडत नाही.

जेवणानंतर किमान अर्धा तास बसतं ठेवा, तोंडात काही उरलं नाही ना ते बघा आणि दात, जीभ, हिरड्या लहान मुलांच्या मऊ ब्रशने स्वच्छ करा. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो, त्यामुळे ही पाच मिनिटं टाळू नका.

५. काय द्यायचं

पथ्यं सैल करायची वेळ आली आहे का, हे डॉक्टरांना विचारा. साखर, मीठ, तेल यांवरचे वर्षानुवर्षांचे निर्बंध या टप्प्यावर बहुतेकदा उठवता येतात, आणि आवडीची चव हाच उरलेला आनंद असतो. गोडाची आवड बहुतेकांची शेवटपर्यंत टिकते. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या.

अन्नाचा पोत एकसारखा हवा. पातळ रश्शात तरंगणारे तुकडे सर्वांत अवघड, कारण पातळ भाग घशाकडे पळतो आणि तुकडा मागे राहतो. पोताची जगभर वापरली जाणारी 'आयडीडीएसआय' नावाची मोजपट्टी आहे. तिच्यात ० ते ७ अशा पातळ्या असतात, ० म्हणजे साधं पाणी आणि ७ म्हणजे नेहमीचं अन्न. आईला कोणती पातळी झेपेल हे स्पीच थेरपिस्टकडून (बोलण्याबरोबर गिळण्याच्या अडचणीही तेच बघतात) एकदा तपासून घ्या.

दाट केलेल्या पेयांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांनी ठसका कमी होतो, पण न्यूमोनिया टळतोच असा भक्कम पुरावा नाही, आणि ती न आवडल्यामुळे माणसं पितातच कमी. आई दाट पाणी थुंकून टाकत असेल तर थेरपिस्टशी बोला. चमच्याने दिलेलं साधं पाणी तिला जास्त सुखाचं वाटू शकतं.

६. ठसका लागला तर

खोकला ताकदीचा असेल तर तिला खोकू द्या, थोडं पुढे झुकवा, पाणी पाजू नका. जेवताना आवाज ओलसर, घोगरा होणं, डोळ्यांतून पाणी येणं, श्वास लागणं या खुणा दिसल्या की त्या वेळचं जेवण थांबवा. काही जणांना घास श्वासनलिकेत गेला तरी ठसकाच लागत नाही, म्हणून जेवणानंतर ताप किंवा छातीत खरखर वाटली तर कळवा. आवाजच फुटत नाही, चेहरा निळसर पडतोय, अशी वेळ आली तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरदार धपके द्या आणि दुसऱ्याला तातडीची मदत बोलवायला सांगा. पुढची कृती नर्सकडून आधीच हाताने करून शिकून घ्या.

७. नळी घालायची का?

हा प्रश्न येणारच. बहुधा दवाखान्यात, रात्री, न्यूमोनियाच्या गडबडीत. म्हणून तो शांतपणे घरी बसून आधीच सोडवा.

नाकातून घातलेली असो की पोटाला छिद्र पाडून बसवलेली 'पेग' असो, नळीकडून लोकांच्या तीन अपेक्षा असतात : आयुष्य वाढेल, न्यूमोनिया टळेल, सतत पडून राहिल्याने झालेल्या पाठीच्या जखमा (बेडसोर) भरतील. प्रगत डिमेन्शियात यातलं काहीच घडत असल्याचं संशोधनात दिसलेलं नाही. नळी असली तरी लाळ आणि पोटातून वर आलेलं अन्न फुप्फुसात जातच राहतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पेग असलेल्यांना बेडसोर जास्त झालेले दिसले. शिवाय आई ती नळी ओढणार, मग कुणी तरी तिचे हात बांधणार किंवा गुंगीचं औषध देणार. अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी ही वृद्धांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांची संस्था या टप्प्यात नळीऐवजी काळजीपूर्वक हाताने भरवण्याचाच सल्ला देते.

तात्पुरत्या कारणाने गिळणं थांबलं असेल, पक्षाघात असेल किंवा डिमेन्शिया सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर गणित वेगळं. तो निर्णय डॉक्टरांबरोबर स्वतंत्रपणे घ्या.

'नळी नको' म्हणताना जीभ अडखळते, कारण 'म्हणजे आईला उपाशी मारायचं?' असं कुणी तरी हमखास म्हणतं. म्हणून निर्णय नकाराच्या रूपात लिहू नका. फाइलमध्ये लिहून घ्या : 'हिला हवं असेल तोवर, हवं तेवढं, हाताने भरवत राहू. त्रास होऊ लागला की थांबू. तोंडाची निगा शेवटपर्यंत चालू राहील.' २०१० मध्ये काही अमेरिकन डॉक्टरांनी नेमका हाच मार्ग सुचवला होता, आरामापुरतं भरवणं. हाताने भरवताना थोडा घास फुप्फुसात जाण्याचा धोका उरतोच. तो आपण समजून-उमजून पत्करतोय, हेही त्याच कागदावर असू द्या.

८. घरच्यांना बरोबर घ्या

एकट्याच्या खांद्यावर हे झेपत नाही. पण सगळ्यांनी मिळून करायचं म्हटलं की पाच जणांच्या पाच तऱ्हा होतात, आणि आई गोंधळते. म्हणून आधी पद्धत एक ठरवा. एकाने भरवताना बाकीच्यांनी आणि केअरटेकरने शेजारी बसून बघावं, मग हाताने करून बघावं. पलंगाशेजारी एक पान लावून ठेवा : आईला काय आवडतं, कोणत्या हाताने खायची, चहा किती गरम लागतो, कोणत्या बाजूने बोललं की ऐकू येतं, 'पुरे' कसं दाखवते. ही माहिती दवाखान्यातल्या फाइलमध्ये नसते, ती फक्त तुमच्याकडे आहे. नवीन केअरटेकरला ते पान पहिल्याच दिवशी वाचून दाखवा.

डॉक्टरांशी बोलणारा एकच जण नेमा. बाकीच्यांनी प्रश्न त्याच्याकडे द्यावेत. भेटीला जाताना विचारायचे प्रश्न लिहून न्या : आजार कुठल्या टप्प्यावर आहे, पुढच्या काही महिन्यांत काय दिसेल, ताप आला तर घरीच उपचार होतील का, पॅलिएटिव्ह केअरची (आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणारी) टीम कधी बोलवायची. मतभेद झाले तर 'तुला काय वाटतं' यावर वाद घालत बसू नका. 'आई आज भानावर असती आणि स्वतःकडे बघत असती, तर काय म्हणाली असती?' हा प्रश्न मधे ठेवा. तिने कधी कुणाच्या आजारपणात काही बोलून दाखवलं असेल, कुठे लिहून ठेवलं असेल, ते आठवा.

लांब राहणारा भाऊ किंवा बहीण बहुधा सगळ्यात जास्त घाबरलेली असते आणि तीच 'सलाइन लावा, नळी घाला' म्हणते. त्यांना फोनवर समजावण्यापेक्षा एका जेवणाच्या वेळी पूर्ण वेळ शेजारी बसवा. येणं शक्य नसेल तर व्हिडिओ कॉल चालू ठेवून बघू द्या. आई तोंड मिटते ते स्वतः पाहिलं की बोलणं बदलतं.

भेटायला येणारे 'एवढंसंच खाल्लं?' म्हणतात आणि भरवणारी व्यक्ती आतून तुटते. एक उत्तर तयार ठेवा : 'तिला हवं तेवढं खाल्लं. बसा ना जवळ, हात धरा तिचा.' आलेल्या माणसालाही काही तरी काम मिळतं.

ज्यांना भरवायचा धीर होत नाही, त्यांच्यासाठी दुसरी कामं आहेत. ओठांना मलम लावणं, हातापायांना तेल चोळणं, तिच्या आवडीची गाणी लावणं, केस विंचरणं. नातवंडांना दूर ठेवू नका. काय चाललंय ते त्यांच्या वयाला झेपेल असं सांगा आणि एक चमचा आइस्क्रीम भरवू द्या.

वहीत नोंद ठेवा, पण ग्रॅम आणि मिलिलिटरची नको. 'सकाळी चार चमचे, हसली. दुपारी नको म्हणाली. रात्री ठसका.' दर आठवड्याला वजन करणंही आता सोडून द्या. त्यातून आईला काही मिळत नाही आणि तुमची झोप जाते. आणि रोज भरवणाऱ्याला आठवड्यातून निदान काही वेळा पूर्ण सुट्टी द्या, मागितली नाही तरी.

९. गिळणं थांबल्यावर

एक दिवस असा येतो की चमचाभर पाणीही बाहेर येतं किंवा घशात गुळगुळतं. आई बहुतेक वेळ झोपलेली असते, हातपाय गार पडतात, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होतो. शरीर मिटत चाललं की ते अन्न मागत नाही. भानावर असलेल्या, मृत्यूच्या जवळ पोहोचलेल्या ३२ रुग्णांचं निरीक्षण १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. त्यांत बहुतेकांना भूक लागलीच नाही किंवा सुरुवातीला थोडी लागली, आणि तहान व कोरडेपणा घोटभर पाण्याने, बर्फाच्या चुऱ्याने, ओठ ओले केल्याने शमला. ते रुग्ण मुख्यतः कॅन्सरचे होते, तरी तोंड ओलं ठेवलं की तहान भागते ही गोष्ट इथेही उपयोगी पडते. या अवस्थेत सलाइन लावल्याने अंगावर सूज आणि घशातली घरघर वाढू शकते, त्यामुळे ते लावण्याआधी 'याने तिला आराम पडेल का?' एवढंच विचारा.

आता भरवणं संपलं आणि तोंडाची निगा सुरू झाली. दर तास-दोन तासांनी मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेलं स्वच्छ कापड पाण्यात बुडवून, नीट पिळून, गालांच्या आतून आणि जिभेवरून फिरवा. आई चावत असेल तर बोट आत घालू नका, ब्रशच वापरा. तिच्या आवडीच्या पेयाचे दोन थेंब त्याच ब्रशने ओठांवर लावता येतात. चव लागते, गिळावं लागत नाही. ओठांवर मलमाचा पातळ थर. घरघर जास्त असेल तर कुशीवर वळवा.

गिळणं थांबलं की गोळ्याही थांबतात, म्हणून ही वेळ यायच्या आधीच डॉक्टरांकडून दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. वेदना, धाप आणि अस्वस्थता यांची औषधं जिभेखालून, त्वचेवर चिकटवायच्या औषधी पट्टीतून किंवा त्वचेखालच्या इंजेक्शनने कशी द्यायची, ती घरात आणून ठेवलीत का, आणि कोण देणार. दुसरं, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा. तो नंबर पलंगाशेजारच्या त्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.